प्रोटिस्ट, अमीबा आणि आपल्या पेशीतला जुना सालदार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगावला आम्ही तीन-चार मास्तर लोक रविवारी सकाळी दोन जुने मायक्रोस्कोप मांडून बसतो. अकरावी-बारावीची पोरं येतात, त्यांच्यासोबत कधी आईबाप येतात, कधी एखादा शेतकरी भाऊ रोगट पान पिशवीत घालून येतो. प्रश्न तेच तेच, आणि दर वेळी घसा कोरडा करण्यापेक्षा एकदाचं लिहून टाकावं म्हटलं. क्रमबिम काही नाही, जसं आठवलं तसं लिहिलंय.

सर, प्रोटिस्ट म्हणजे नक्की काय? एका ओळीत सांगा.

ज्याच्या पेशीत केंद्रक आहे पण जो प्राणी नाही, वनस्पती नाही, बुरशीपण नाही, तो प्रोटिस्ट. हसू नका, खरंच व्याख्या अशीच आहे. सरकारी फॉर्मात शेवटी "इतर" असा रकाना असतो ना, तसं. त्या रकान्यात टिक करणारे सगळे एकमेकांचे भाऊबंद असतात असं थोडीच आहे? १८६६ मध्ये अर्न्स्ट हेकेलने हा रकाना उघडला तेव्हा त्याने बॅक्टेरियासुद्धा त्यातच ढकलले होते, ते नंतर बाहेर काढले. बाकीचे आत राहिले: अमीबा, पॅरामेशियम, युग्लिना, मलेरियाचा परजीवी, डायटम नावाचं काचेसारख्या कवचातलं बारीक शेवाळ, आणि केल्प नावाचं समुद्रातलं भलंमोठं शेवाळसुद्धा, जे आपल्या केळीच्या दहापट उंच होतं. म्हणजे "प्रोटिस्ट म्हणजे एकपेशीय बारीक जीव" हेही पूर्ण खरं नाही.

पण एक गोष्ट आहे. आपली पेशी कशी घडली त्याचे जवळजवळ सगळे पुरावे याच अडगळीत सापडतात, म्हणून मला हा विषय आवडतो.

परीक्षेत काय लिहायचं मग?

पुस्तकात आहे तेच. व्हिटेकर, १९६९, पाच सृष्टी, त्यातली प्रोटिस्टा. नीटला मार्क त्याचेच मिळतात. आजचे संशोधक "सृष्टी" म्हणून प्रोटिस्टा मानत नाहीत, मोठमोठे गट पाडतात, ते मनात ठेवा आणि पेपरात शहाणपणा करू नका.

अमीबा तर एकच जात आहे ना?

नाही हो. अमीबा ही चालायची पद्धत आहे, कूळ नाही. अंग पुढे ओघळवायचं आणि मागचं ओढून घ्यायचं, ही चाल वेगवेगळ्या घराण्यांनी आपापली कमावलीय. आपण स्लाइडवर बघतो तो अमीबा प्रोटियस नात्याने आपल्याला, म्हणजे माणसाला आणि मशरूमला, बराच जवळचा. आणि केरळच्या बातम्यांमध्ये येते ती "मेंदू खाणारी अमीबा", नेग्लेरिया फाउलेरी, ती निघाली युग्लिनाच्या बाजूची. दोघांना शेजारी बसवलं तर चेहरा सारखा, गोत्र कुठल्या कुठे. (आणि घाबरून विचारतात म्हणून सांगतो, नेग्लेरिया पाणी पिऊन होत नाही, गरम साचलेलं पाणी नाकातून आत गेलं तर होते.)

घरी बघता येतात का हे जीव?

येतात, आणि हेच खरं तर सगळ्यात आधी करायला पाहिजे. कडब्याचे चार-पाच तुकडे पाण्यात उकळा, गार होऊ द्या, त्यात मेहरूण तलावाच्या काठचं नाहीतर गुरांच्या हाळातलं शेवाळलेलं पाणी वाटीभर टाका, सावलीत झाकण अर्धवट ठेवून आठवडाभर सोडून द्या. वास येईल, घरचे बोलतील, ऐकून घ्या. मग वरच्या पातळ सायीजवळचा एक थेंब घ्यायचा. आधी दिसतात ते बॅक्टेरियाचे ठिपके, नुसते थरथरत असतात, आणि मधूनच एखादं चपलेच्या आकाराचं धूड गरागरा फिरत आरपार निघून जातं, ते पॅरामेशियम. ते थांबतच नाही ही सगळ्यांची तक्रार. त्याला उपाय म्हणजे कापूस. कापसाचे चार-पाच तंतू पिंजून थेंबात टाका, त्या जाळीत ते अडकतं आणि जागेवर फिरत राहतं. कापूस आपल्याकडे काही कमी नाही.

आता चाळीसच्या लेन्सवर शांतपणे बघा. त्याच्या दोन टोकांना दोन चांदण्या दिसतील. एक चांदणी फुलते, मधला फुगा मोठा होतो आणि पटकन मिटतो, मग दुसरी. आत घुसणारं पाणी सारखं बाहेर उपसायचं काम चाललेलं असतं, विहिरीवरची मोटर चालू-बंद व्हावी तसं. एकदा एक आजोबा नातवाला सोडायला आले होते, त्यांनी डोळा लावला तो पाच मिनिटं काढलाच नाही, मग हळूच विचारतात, "मास्तर, हाई जित्तं शे का?" (हे जिवंत आहे का?) म्हटलं, जित्तं शे बाबा, आणि तुमच्यामाझ्या पेशीत जे सामान आहे ते बहुतेक सगळं त्यात आहे.

मे महिन्यात मात्र हा उद्योग पंख्याखाली करू नका, थेंब दोन मिनिटांत वाळतो. आणि चाळीसची लेन्स पाण्यात बुडवू नका, आमच्या एका लेन्सला असाच कायमचा मोतीबिंदू झालाय.

बॅक्टेरिया आणि आपल्या पेशीत एवढा फरक काय?

विरजणातला लॅक्टोबॅसिलस काही मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) लांब, पॅरामेशियम २०० ते ३०० मायक्रॉन. नुसता आकार नाही. बॅक्टेरिया म्हणजे एका खोलीचं घर, त्यातच स्वयंपाक, त्यातच झोप. आपली पेशी म्हणजे वाडा: डीएनएसाठी वेगळी खोली, माल बांधायची वेगळी, कचऱ्याची वेगळी, आत खांब आणि दोऱ्यांचा सांगाडा, आणि शक्ती बनवायला शेकडो मायटोकॉन्ड्रिया. एका खोलीचा वाडा झाला कसा, हाच सगळा प्रश्न आहे.

मायटोकॉन्ड्रिया आधी बॅक्टेरिया होता म्हणे. कशावरून?

एक नाही, पुरावे भरपूर आहेत. त्याचा स्वतःचा डीएनए आहे, बॅक्टेरियासारखा गोल, माणसात १६,५६९ अक्षरांचा, ३७ जीन्स. त्याचे रायबोसोम, म्हणजे प्रथिनं बनवायची यंत्रं, बॅक्टेरियाच्या घडणीचे. त्याला दोन पापुद्रे. आणि पेशी तो शून्यातून बनवू शकत नाही, आहे त्याचेच दोन होतात, विरजणाशिवाय दही लागत नाही तसं.

त्याचे जीन्स लावून वंशावळ काढली तर तो जाऊन बसतो अल्फाप्रोटिओबॅक्टेरिया नावाच्या गटाशेजारी. हा गट तुम्हाला माहितीय, फक्त नाव माहिती नाही. पेरणीआधी सोयाबीन-हरभऱ्याच्या बियाण्याला रायझोबियम चोळता ना, ते याच गोतावळ्यातलं. म्हणजे गाठीत बसून पिकाला नत्र देणारा आणि तुमच्या पायाच्या स्नायूत बसून शक्ती देणारा, दोघं लांबचे चुलत.

अजून एक पुरावा, जरा कडू. जेंटामायसिनसारखी इंजेक्शनं बॅक्टेरियाचे रायबोसोम बिघडवतात. काही लोकांच्या मायटोकॉन्ड्रियात जन्मतःच एका अक्षराचा बदल असतो, त्याने त्यांचा रायबोसोम अजूनच बॅक्टेरियासारखा दिसतो, मग औषध तिथेही चिकटतं आणि कान जातात. अशी माणसं आईकडून हा बदल घेऊन येतात, कारण मायटोकॉन्ड्रिया आईकडूनच मिळतात.

हे पहिल्यांदा कोणी म्हटलं?

पुस्तकात लिन मार्ग्युलिसचं नाव असतं आणि ते बरोबरच आहे, पण ती पहिली नाही. रशियातला मेरेश्कोव्स्की १९०५ मध्येच म्हणाला होता की पानातले हिरवे कण हे मुळात वेगळे जीव आहेत. पुढे १९२० च्या दशकात अमेरिकेत आयव्हन वॉलिन मायटोकॉन्ड्रियाबद्दल तेच म्हणाला, आणि वर म्हणाला की मी ते पेशीबाहेर वाढवून दाखवलेत. ते चुकीचं निघालं, आणि त्या एका चुकीने सगळी कल्पनाच बदनाम झाली. चाळीस वर्षं कोणी हात लावेना.

मग १९६० च्या दशकात हरितकण आणि मायटोकॉन्ड्रियात डीएनए सापडला आणि वारं फिरलं. मार्ग्युलिस तेव्हा तिशीच्या आतली, लेख पंधराएक नियतकालिकांनी परत पाठवला, शेवटी १९६७ मध्ये छापून आला, तोही लिन सेगन या नावाने, कारण लग्नानंतरचं नाव ते होतं (खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन, तोच). लोकांनी टिंगल केली, पण पुढच्या दहा-बारा वर्षांत जीन्सचे क्रम जुळवायला लागले तसा वाद मिटत गेला. मला मात्र तिची दुसरी बाजूही सांगावीशी वाटते, कारण पोरं लगेच देव्हारा करतात: पेशीची शेपटी, म्हणजे फ्लॅजेलम, तीसुद्धा एका वळवळ्या बॅक्टेरियापासून आली असं ती शेवटपर्यंत म्हणत राहिली आणि त्याला काही पुरावा मिळाला नाही. दोन गोष्टी बरोबर, तिसरी चूक. तीनात दोन म्हणजे या धंद्यात भारीच स्कोर आहे.

मग तो पाहुणा म्हणायचा, की कैदी, की भागीदार?

मी सालदार म्हणतो, आणि त्यावर आमच्यात भांडण होतं. सालदार म्हणजे सालभराचा गडी, आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) ठरतो, वर्षभर राबतो, नाही पटलं तर पुढच्या आखाजीला दुसऱ्या मळ्यात. सुरुवातीला बहुतेक असंच सैल असणार, एक दुसऱ्याचा टाकलेला माल खातोय, दुसरा याचा. पण नंतर या सालदाराने स्वतःचा सातबारा तुकड्यातुकड्याने मालकाच्या नावावर केला. आज मायटोकॉन्ड्रियाला हजाराच्या वर प्रथिनं लागतात, त्यातली स्वतःच्या जीन्सवरून फक्त १३ बनतात, बाकी सगळ्यांची कागदपत्रं केंद्रकात. माल बाहेर न्यायची तोटीसुद्धा मालकाच्या बाजूने बसवलेली. आता सोडून जाणार कुठे? पण गंमत अशी की मालकही अडकला, तासभर हा संपावर गेला तर मालकाचा खेळ खलास. माझा मित्र म्हणतो याला सालदार नाही, घरजावई म्हणा. म्हणा.

आणि मालक कोण होता? त्याला आत घेणारा?

इथे खरी मजा आहे. १९७७ मध्ये कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी दाखवलं की बॅक्टेरियासारख्या दिसणाऱ्या जीवांचा एक अख्खा वेगळा वंश आहे, आर्किया. आपली पेशी आर्कियाकडून आली असावी अशी शंका तेव्हापासून होती. २०१५ मध्ये स्वीडनमधल्या थिस एत्तेमाच्या गटाने ग्रीनलंड आणि नॉर्वेच्या मधल्या समुद्रतळावरच्या चिखलात डीएनए वाचला. जवळच "लोकीचा किल्ला" नावाचा उष्ण झऱ्यांचा भाग आहे, म्हणून या जीवांचं नाव लोकीआर्किया. लोकी, थॉर, ओडिन, हाइमडाल, अशी सगळी नॉर्स देवांची नावं पुढच्या भाऊबंदांना दिली आणि गटाला म्हणाले अ‍ॅसगार्ड. त्यांच्याकडे पेशीचा सांगाडा बनवायचे, पापुद्रे वाकवायचे असे जीन्स सापडले जे फक्त आपल्यासारख्या पेशींचे समजले जायचे.

पण नुसता डीएनए वाचला होता, जीव कोणी पाहिला नव्हता. तो पाहिला जपान्यांनी, आणि त्यांच्या चिकाटीला दंडवतच. २००६ मध्ये त्यांनी पाणबुडीने २,५३३ मीटर खोलवरून चिखल आणला, सांडपाण्याच्या प्रक्रियेत वापरतात तसल्या स्पंजच्या टाकीत मिथेन सोडून तो वर्षानुवर्षं पोसला, मग काचेच्या नळ्यांत एकेक वेगळा करत गेले. हा जीव दुप्पट व्हायला १४ ते २५ दिवस घेतो. ई. कोलायला वीस मिनिटं पुरतात, त्यावरून विचार करा. बारा वर्षांवर गेली, आणि २०२० च्या जानेवारीत लेख छापून आला. नाव प्रोमिथिओआर्कियम. पेशी जेमतेम अर्ध्या मायक्रॉनची, पण तिच्यातून लांब फाटे फुटलेले हात निघालेत, आणि ती एकटी जगतच नाही, शेजारी दुसरा सूक्ष्मजीव लागतो जो तिने टाकलेला हायड्रोजन खातो.

आधी सगळे समजायचे की एका मोठ्या दांडग्या पेशीने बॅक्टेरिया गट्ट केला आणि तो पचला नाही. या जपानी पेशीचा फोटो बघितल्यावर वेगळंच वाटतं, म्हणजे गिळणं नाही तर हळूहळू हातांनी कवटाळत आत घेणं. जपानी संशोधकांचं म्हणणंही तसंच आहे. सगळ्यांना पटलेलं नाही. केंद्रकाचा पडदा आधी आला की मायटोकॉन्ड्रिया, यावर तर अजून हातघाई चालूच आहे.

किती वर्षांपूर्वीची गोष्ट?

साधारण १६० ते २०० कोटी वर्षांच्या दरम्यान धरा. आपल्याकडे त्याचा दगड शोधू नका. आपला खानदेशी काळा पाषाण ज्वालामुखीचा, फक्त ६.६ कोटी वर्षांचा, त्या हिशोबात कालचा पोरगा. पण मध्य प्रदेशात चित्रकूटजवळच्या विंध्य खडकांत १६० कोटी वर्षांपूर्वीचे धाग्यांसारखे जीवाश्म मिळालेत, २०१७ मध्ये त्यांचा लेख आला, संशोधकांच्या मते ते लाल शेवाळाचे. खरं धरलं तर तोवर हरितकणसुद्धा आत येऊन बसले होते.

असं एकदाच झालं का?

मायटोकॉन्ड्रिया एकदाच. हरितकण निळ्या-हिरव्या शेवाळापासून एकदा, आणि पॉलिनेला नावाच्या एका कवचवाल्या अमीबाने बऱ्याच उशिरा तोच प्रयोग स्वतंत्रपणे केला. त्याच्यापुढे चोरावर मोर: युग्लिनाने अख्खं हिरवं शेवाळ आत घेतलं, डायटमच्या पूर्वजाने लाल शेवाळ.

आणि २०२४ चं ताजं सांगतो, शेतकऱ्यांना हे फार आवडतं. समुद्रातल्या एका शैवालाच्या आत राहणारा बॅक्टेरिया हवेतलं नत्र पकडतो हे आधीपासून माहीत होतं. आता दाखवून दिलंय की तो पेशीसोबतच विभागतो, पेशीकडून प्रथिनं घेतो, म्हणजे बॅक्टेरिया राहिलाच नाही, पेशीचा अवयव झाला. नाव नायट्रोप्लास्ट. एक काका म्हणाले, "हे कपाशीत बसवा ना भो, युरियाची गोणी वाचेल." स्वप्न तेच आहे, पण कपाशीत यायला वेळ आहे.

मलेरियाचा जंतू वनस्पती आहे असं यूट्यूबवर ऐकलं. खरं?

वनस्पती नाही, पण ऐकलं ते अगदीच खोटं नाही. प्लाझमोडियमच्या पोटात चार पापुद्र्यांचा एक कण असतो, अ‍ॅपिकोप्लास्ट. तो लाल शेवाळाच्या हरितकणाचा अवशेष. रंग गेला, ऊन खाणं गेलं, पण काही रसायनं बनवायचं काम राहिलं आणि त्याच्याशिवाय परजीवी जगत नाही. म्हणून तर डॉक्सिसायक्लिनसारखं बॅक्टेरियाचं औषध मलेरियावर चालतं, ते या जुन्या बॅक्टेरियाच्या वंशजाला मारतं. सातपुड्याच्या पायथ्याला पावसाळ्यात थंडी वाजून ताप येतो तेव्हा रक्तात एका मेलेल्या बागेचा तुकडा फिरत असतो.

आमच्या जर्सी गाईला थायलेरिया झाला होता. तोही यातलाच?

मलेरियाचाच भाऊबंद, फक्त डासाऐवजी गोचीड आणतो. हा गाईच्या पांढऱ्या पेशीत शिरून तिलाच वेड्यासारखी वाढायला लावतो, कॅन्सरसारखी, स्वतः तिच्याबरोबर वाटला जातो. आणि डॉक्टर बुपार्वाक्वोनचं महागडं इंजेक्शन देतात ना, ते परजीवीच्या मायटोकॉन्ड्रियावर वार करतं. परत तोच सालदार. गोचीड आवरा, तेवढं स्वस्त पडतं.

बाजरीचा गोसावी म्हणजे बुरशीच ना?

दुकानदार बुरशीच म्हणतो, मीही बरीच वर्षं म्हणत होतो. गोसावी, म्हणजे केवडा, कणसाच्या जागी पानांचा झुपका येतो तो, हा ऊमायसीट नावाच्या गटाचा. धागे बुरशीसारखे, पण नातं डायटम आणि समुद्रातल्या केल्पशी. भिंत कायटिनची नाही, मुख्यतः सेल्युलोजच्या जातकुळीची. १८४५ पासून आयर्लंडात बटाटा सडवून दुष्काळ पाडला तो याचाच सगा. याचा उपयोग काय? तर खऱ्या बुरशीची बरीच औषधं बुरशी पापुद्र्यासाठी जे स्टेरॉल (एक चरबीसारखं द्रव्य) बनवते त्यावर मारा करतात, आणि हे महाशय ते बनवतच नाहीत. म्हणून बियाण्याला मेटॅलॅक्झिल लावतात. केळीचा करपा मात्र खरी बुरशी, तिथे हिशोब वेगळा.

मायटोकॉन्ड्रिया नसलेलीही पेशी असते का?

आव पाडणारा एंटअमीबा आणि जिआर्डिया यांच्यात नाही असं समजायचे, आणि काही जण म्हणायचे की हे सालदार यायच्या आधीच्या काळातले. निघालं उलटं, त्यांच्यात त्याचे सुकलेले बारीक अवशेष सापडले. खरोखर पूर्ण नसलेला २०१६ मध्ये सापडला, मोनोसर्कोमोनॉइडिस, चिंचिला नावाच्या उंदरासारख्या प्राण्याच्या आतड्यात. पण त्याच्याही पूर्वजांकडे होता, याने काढून टाकला.

वाळवीच्या पोटात प्रोटिस्ट असतात, दाखवा ना.

दाखवतो, पण आधी माझी फजिती ऐका. पहिल्यांदा मी बांधावरच्या वारुळातली वाळवी आणली, पंधरा पोरं भोवती, पोट फोडलं, थेंबात काहीच नाही. अर्धा तास लेन्स पुसत बसलो. नंतर कळलं की वारुळवाली वाळवी स्वतः बुरशीची शेती करते, तिला लाकूड पचवणारे प्रोटिस्ट लागतच नाहीत. ते असतात दाराच्या चौकटी खाणाऱ्या काही जातींत. मग एकाच्या जुन्या घराची चौकट सापडली, पातळ मिठाच्या पाण्यात थेंब केला, आणि काय सांगू, गर्दीच गर्दी, केसाळ नासपत्यांसारखे जीव लाकडाचे कण पोटात घेऊन फिरतायत. ऑस्ट्रेलियातल्या एका वाळवीत मिक्सोट्रिका नावाचा प्रोटिस्ट आहे, त्याच्या अंगावरचे केस म्हणजे केस नाहीतच, चिकटलेले जिवंत बॅक्टेरिया आहेत, तेच त्याला वल्हवतात. स्वतःच्या शेपट्या चारच, त्या वळायपुरत्या. मार्ग्युलिसचा हा लाडका होता, का ते कळतंच.

रविवारी येताना पाणी कुठून आणू?

कुठूनही, फक्त नळाचं नको. हाळ, डबकं, पाटाच्या कडेचं शेवाळ, कुंडीखालची ताटली, कूलरच्या टाकीचा तळ. बाटली अर्धीच भरा, हवा राहू द्या, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका. आणि बाटलीवर मोठ्या अक्षरात लिहा. मागे एकाने पिण्याच्या पाण्याच्या बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवलं, वडील शेतातून आले, तहानलेले होते. त्यांना काही झालं नाही, पण तो पोरगा त्यानंतर दोन रविवार आला नाही.